झाडलोटीतून वाचलेली ओळ

बाळ सुखरूप आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिगत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी मध्येच माझा हात धरून तेवढंच विचारलं आणि पुढचं धड ऐकलं नाही. तेव्हा बाळ सुखरूप आहे, बाळाची आई सुखरूप आहे, आणि तिची जीभ तर इतकी ठणठणीत आहे की काल तिने मला फोनवर मनसोक्त झापलं. आता शांतपणे ऐका.

बाळाची आई म्हणजे माझी नणंद. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून आम्ही तिला बारकी म्हणतो. आम्ही दोघी एकाच ऑफिसात प्रोग्रॅम लिहायचं काम करतो. ती नोकरीला लागली तेव्हा तिथेही मला वहिनीच म्हणायला लागली, आणि बघता बघता सगळं ऑफिस मला वहिनी म्हणायला लागलं. आमचे साहेब माझ्याहून वयाने मोठे आहेत. तेही वहिनी म्हणतात. मी तक्रार करणं सोडून दिलं आहे.

बारकीलाही ऑफिसात एक नाव पडलं, भाष्यकार. त्याचं कारण तिच्या कॉमेंट्स. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रोग्रॅम यंत्रासाठी लिहायचा असतो, पण मधेमधे माणसांसाठी चार शब्द लिहून ठेवता येतात. त्यांच्यापुढे एक ठरलेली खूण केली की यंत्र त्या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही. हे असं का केलं, इथे काय जपायचं, असं पुढच्या माणसाला सांगायची ती सोय आहे. बारकी ही सोय अशी वापरते की दोन ओळींचा कोड आणि वर दहा ओळींचं पुराण. त्यात ती कोणाकोणाशी भांडून घेते, कोणाचे आभार मानते, आणि क्वचित जेवायला उशीर झाल्याचंही लिहिते.

मला कॉमेंट्स आवडत नाहीत. माझं म्हणणं साधं आहे. कोड बदलला की यंत्र लगेच बोंब मारतं, पण कॉमेंट जुनी झाली तर कोणीच काही बोलत नाही. दारावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी असते आणि कुत्रा कधीच मेलेला असतो, तशातला प्रकार. येणारा जाणारा उगीच बिचकतो. म्हणून मी म्हणते की कोडच असा सरळ लिहा की वर पाटी लावायची गरजच पडू नये. यावर बारकी म्हणायची की वहिनी, तुझा कोड काय करतो ते कळतं, पण का करतो ते फक्त तुला आणि देवाला ठाऊक. हा वाद आम्ही ऑफिसात घालायचो आणि संपला नाही तर घरी न्यायचो. सासूबाईंना वाटायचं आम्ही खरंच भांडतो.

आमचे साहेब मात्र माझ्या बाजूचे निघाले, आणि माझ्याही पुढे गेले. आम्ही एका हॉस्पिटलच्या दूधपेढीसाठी प्रोग्रॅम केला होता. दूधपेढी म्हणजे जिथे आया आपलं जास्तीचं दूध देऊन जातात. ते तापवून निर्जंतुक करतात, प्रत्येक बाटलीतला थोडा नमुना लॅबला पाठवतात, बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवतात, आणि दिवस पूर्ण भरायच्या आधी जन्मलेल्या ज्या बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळू शकत नाही, त्यांना देतात. कुठली बाटली कधीची, लॅबने काय म्हटलं, कुठल्या बाळाला गेली, हे सगळं आमचा प्रोग्रॅम सांभाळतो. तो बारकीने लिहिला होता, दोन वर्षांपूर्वी, तिचं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हा.

यंदा हॉस्पिटलने सगळा कोड बाहेरच्या तपासनिसाला दाखवायचा ठरवला. साहेबांनी बारकीच्या फाइली उघडल्या, चार पानं वाचली आणि म्हणाले की हे पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखं नाही. त्यांनी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. साहेबांनी स्वतःच्या हाताने काही लिहिल्याला इतकी वर्षं झाली होती की आम्ही सगळे खुर्च्या वळवून बघत होतो. त्या प्रोग्रॅमने एका दमात सगळ्या फाइलींमधल्या सगळ्या कॉमेंट्स काढून टाकल्या. फक्त ज्या ओळींची सुरुवात 'तात्पुरतं' या शब्दाने होते, तेवढ्या ठेवल्या, कारण ती राहिलेली कामं आहेत आणि ती गिऱ्हाइकाला दिसली पाहिजेत, असं साहेबांचं म्हणणं. मग ती झाडून पुसून स्वच्छ केलेली प्रतच नव्या सर्व्हरवर ठेवली आणि जुना सर्व्हर मोडीत गेला. बारकी तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी झोपून होती. तिला कोणी कळवलं नाही. खरं सांगायचं तर मला ते सगळं बघून छान वाटलं होतं, घर आवरल्यावर वाटतं तसं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बारकीला अचानक त्रास सुरू झाला. त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन करून बाळ बाहेर काढावं लागलं, दिवस भरायच्या बरंच आधी. मुलगी. एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बारकीला दूध उतरलं नव्हतं, म्हणून बाळाला दूधपेढीचं दूध नळीतून थेंबाथेंबाने देत होते. ते तिला मानवलं आणि वजन धरायला लागलं. घरात सगळ्यांचा जीव थोडा खाली बसला. मी रजा संपवून कामावर गेले.

त्या दिवशी सकाळी मी जागेवर बसते न बसते तोच दूधपेढीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. या बाई एरवी फोनवर आधी चहापाण्याची चौकशी करतात. त्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं, "वहिनी, तुमचा प्रोग्रॅम लॅबचा रिपोर्ट न बघता बाटल्या पुढे पाठवतो का?"

तपासनिसाने त्यांना कळवलं होतं. बाटली फ्रीजरमध्ये घेण्याच्या कोडमध्ये त्याला एक ओळ सापडली होती: 'तात्पुरतं: इथली रिपोर्टची तपासणी बंद केली आहे.' खाली बघावं तर तपासणी खरंच नव्हती. बाटलीचा रिपोर्ट आला की नाही, चांगला आला की वाईट, काहीही न विचारता प्रोग्रॅम बाटली आत घेत होता. बाईंनी तिथल्या तिथे दूध द्यायचं थांबवलं. त्या म्हणाल्या की एखाददुसरी वेळ सलाइनवर निभेल, पण या बाळांना फार वेळ तसं ठेवता येत नाही, आणि डब्याचं दूध त्यांच्या आतड्यांना झेपत नाही. संध्याकाळपर्यंत खात्री झाली नाही तर फ्रीजरमधलं सगळं दूध ओतून द्यावं लागेल. पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण मला ते ऐकू आलं. दोन वर्षांत पाजलेलं दूध तर परत घेता येणार नव्हतं. त्यात आमच्या बाळाच्या पोटात गेलेलंही आलं.

मी फाइल उघडली. ओळ होती. तपासणी नव्हती. मी सबंध प्रोग्रॅम वाचायला घेतला, जो मी पूर्वी कधी पूर्ण वाचला नव्हता, कारण तो बारकीचा होता. आता तो अगदी माझ्या आवडीचा झाला होता: स्वच्छ, मोकळा, एक शब्द जास्तीचा नाही. आणि मला त्यातलं काही म्हणजे काही उमगेना. प्रत्येक ओळ काय करते ते दिसत होतं. ती का आहे, ते विचारायला कोणी नव्हतं. लेबल छापण्याच्या फाइलीपाशी मी थांबलेसुद्धा नाही, कारण ती मला पाठ होती. लेबल कधी छापतं, कधी छापत नाही, अशी दूधपेढीची तक्रार माझ्याकडेच आली होती आणि मी ती दुरुस्तही करून ठेवली होती. पाठवायची तेवढी राहिली होती.

साहेबांनी घाम पुसत विचारलं की ती ओळ आपण आधीच काढली असती तर? मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते केबिनमध्ये गेले.

दुसरा इलाज नव्हता. जिने लिहिलं तिलाच विचारायला हवं होतं. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तर खोलीच्या दारातच सासूबाई उभ्या. त्यांना नर्सकडून दूध थांबल्याचं कळलं होतं. त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन बजावलं की आत काही बोलायचं नाही, ओल्या बाळंतिणीच्या जिवाला घोर लावायचा नाही, हसऱ्या चेहऱ्याने जायचं आणि हसऱ्या चेहऱ्याने यायचं. मी मान डोलावली. हसरा चेहरा करून आत गेले तर बारकी उशीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले. तिलाही नर्सनेच सांगितलं होतं. बारकीला कळलंय हे त्या मजल्यावर सासूबाई सोडून सगळ्यांना माहीत होतं की काय कोण जाणे.

मी तिला ती ओळ वाचून दाखवली आणि विचारलं की हे काय आहे. मला वाटलं होतं ती फाडकन उत्तर देईल. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मला आठवत नाही, वहिनी," ती म्हणाली. "अक्षर माझं आहे, म्हणजे भाषा माझी आहे. पण का बंद केली ते आठवतच नाही. पेढी सुरू व्हायची गडबड होती. बाटल्या बाहेर राहतात म्हणून डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या, एवढं आठवतंय. मी तेवढ्यापुरती बंद करून ठेवली असणार, आणि परत सुरू करायची राहून गेली असणार."

"तू असं करशील का?" मी विचारलं.

"माणूस करतो की. सगळेच करतात. 'तात्पुरतं' लिहायचं आणि विसरायचं." मग ती अगदी हळू म्हणाली, "मी माझ्याच पोरीला न तपासलेलं दूध पाजलं, वहिनी."

मला रडायला येत होतं आणि रागही येत होता. राग कोणाचा ते सांगता येत नव्हतं. मी तिला दटावलं की अजून काही सिद्ध झालेलं नाही, बाळ बरं आहे, वजन वाढतंय, उगाच वाईटसाईट बोलू नकोस. ती ऐकत नव्हती. शेवटी ती एवढंच म्हणाली की त्या ओळीखाली तिने आणखी काहीतरी लिहिलं असणार, नुसती एक ओळ लिहून थांबणारी ती नव्हेच. हे मलाही पटलं. मी तिला झाडलोटीची गोष्ट सांगितली. तिचा चेहरा क्षणभर असा झाला की मला वाटलं ही टाके विसरून उठते आणि साहेबांना जाऊन धरते. बरंच वाटलं मला ते बघून. तिच्या जुन्या लॅपटॉपवर मूळ प्रत असेल, असं तिला आठवलं. तिचा नवरा तिथेच बसला होता, काय करू ते न कळून मघापासून बाटलीतलं पाणी पेल्यात आणि पेल्यातलं बाटलीत ओतत होता. त्याला लॅपटॉप आणायला पिटाळलं. काम मिळाल्यावर तो पळतच सुटला.

त्याला यायला वेळ लागणार होता. मी खाली दूधपेढीत गेले.

दूधपेढी म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला तीन उभे फ्रीजर, समोर ओटा, त्यावर संगणक आणि लेबलं छापायचं छोटं यंत्र. डॉक्टरीणबाई फ्रीजर उघडून बाटल्यांकडे बघत उभ्या होत्या, घर सोडताना माणूस बघतो तशा. वरच्या कप्प्यांत लेबल लावलेल्या बाटल्या होत्या. अगदी खालच्या कप्प्यात एका ट्रेमध्ये बिनलेबलाच्या बाटल्या होत्या, त्यांच्या झाकणांवर पेनाने नुसते आकडे घातलेले.

मी विचारलं की या वेगळ्या का. तिथल्या नर्सबाई जणू माझीच वाट बघत होत्या. त्या म्हणाल्या की या तुमच्याच कृपेने, लेबल छापत नाही ना. त्यांनी किती वेळा फोन केला, मी किती वेळा बघते बघते म्हटलं, याचा त्यांनी हिशेब दिला. कळ दाबली की कधी छापतं, कधी ढिम्म. काही दाखवत नाही, काही बोलत नाही. मग दोन दिवसांनी पुन्हा दाबलं की मुकाट्याने छापतं. "तुमच्या यंत्राला लहर लागते," त्या म्हणाल्या. "एका बाटलीचं तर शेवटपर्यंत छापलंच नाही. मग ती ओतून दिली."

"ती ओतून दिली ती लॅबने नापास केली होती म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो, पण लेबल तर त्याच्या आधीपासून अडलं होतं."

मी ओट्याला टेकले. मी विचारलं की दोन दिवसांनी काय होतं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या आणि सावकाश म्हणाल्या, "दोन दिवसांनी लॅबचा रिपोर्ट येतो."

लेबल छापण्याच्या कोडमध्ये एक अट होती. एका क्रमांकाची जागा रिकामी असेल तर काही न छापता परत फिर. तो क्रमांक कसला हे कुठे लिहिलेलं नव्हतं. फाइल छपाईची, म्हणून मी समजले होते की कागदाच्या रिळाचा वगैरे असेल, जुन्या यंत्रासाठी ठेवलेला, आता निरुपयोगी. तो लॅबच्या रिपोर्टचा क्रमांक होता. लॅब दूध पास करते तेव्हाच तो क्रमांक देते. नापास बाटलीला देतच नाही.

आम्ही करून बघितलं. खालच्या ट्रेमधली एक बाटली घेतली, जिचा रिपोर्ट यायचा होता. कळ दाबली. यंत्र ढिम्म. दुसरी घेतली, तेच. मग लॅबला फोन केला. एका बाटलीचा रिपोर्ट तयार होता, पाठवायचा होता. आधी कळ दाबली, काही नाही. त्यांना म्हटलं आता पाठवा. पडद्यावर रिपोर्ट आला, पुन्हा कळ दाबली, आणि त्या छोट्या यंत्राने खरखर करत जीभ बाहेर काढली. लेबल. नर्सबाईंनी ते फाडून हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"लेबल नसलेली बाटली वॉर्डात जाते का?" मी विचारलं.

"छे," त्या म्हणाल्या, "कोण घेईल? मी दारातून हलू देणार नाही आणि वरची नर्स हात लावणार नाही."

पण डॉक्टरीणबाई एका प्रयोगावर भुलणाऱ्यांतल्या नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांचे पाय धरायला तयार आहे. त्या म्हणाल्या की आज असं होतं हे दिसलं, पण पहिल्या दिवसापासून असंच होत आलंय कशावरून? ते मला दाखवता येणार होतं. प्रत्येक लेबल कधी छापलं आणि त्या बाटलीचा रिपोर्ट कधी आला, या दोन्ही वेळा आमच्याकडे साठवलेल्या असतात. मी तिथेच बसून दोन्ही शेजारी शेजारी लावल्या आणि रिपोर्टच्या आधी छापलेलं एक तरी लेबल आहे का ते यंत्राला शोधायला सांगितलं. उत्तर यायला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी लागला असं मला वाटलं. एकही नव्हतं. बाईंनी मला पुन्हा करायला लावलं, दुसऱ्या पद्धतीने. तरीही एकही नव्हतं.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, मग डोळे पुसले, मग परत चष्मा. नर्सबाई मात्र अजून रागावलेल्याच होत्या. त्यांचं म्हणणं की मग पडद्यावर एवढं लिहायला काय झालं होतं, रिपोर्ट आला नाही म्हणून? आम्ही इतके दिवस यंत्राला शिव्या दिल्या. त्यांचं शंभर टक्के खरं होतं. बारकीने आमच्यासाठी पानभर लिहिलं होतं आणि त्यांच्यासाठी एक ओळ लिहायची राहिली होती. मी कबूल केलं आणि ती ओळ आजच घालते म्हणून सांगितलं.

मग मला माझी दुरुस्ती आठवली. लेबल का अडतं हे शोधून मी ती अट निरुपयोगी म्हणून काढून टाकली होती. करून बघितलं होतं, लेबलं धडाधड छापत होती, मी स्वतःवर खूश होते. पाठवणार होते त्याच दिवशी बारकीला हॉस्पिटलमध्ये आणावं लागलं आणि मी संगणक तसाच टाकून धावले होते. दिवस भरायच्या आधी येऊन त्या एवढ्याशा पोरीने माझा हात धरून ठेवला होता. हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही. ऑफिसात फोन करून माझी दुरुस्ती आधी पुसायला लावली, आणि मगच जिना चढले.

वर पोचले तेव्हा बारकीचा नवरा लॅपटॉप घेऊन आला होता आणि ती मांडीवर उशी ठेवून, त्यावर लॅपटॉप ठेवून फाइल शोधत होती. सासूबाई शेजारी बसून तिला ताक धर, पाठ टेक, असं काहीबाही सांगत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "सगळं दूध तपासलेलंच होतं. आजवरचं सगळं. दाखवून आले."

तिने वर बघितलं. विश्वास बसत नव्हता तिचा. मी जवळ बसून पहिल्यापासून सांगितलं: ट्रे, लेबल, लॅबचा फोन, दोन्ही वेळा. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती, कामाचे, नेमके, आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर तिच्या चेहऱ्यावर रंग चढत होता. शेवटी तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हमसून रडली. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की हसरा चेहरा करून यायला सांगितलं होतं ना. दूध तपासलेलं निघालं यात रडण्यासारखं काय, ते त्यांना कळलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं की आई, रडू द्या, हे चांगलं रडणं आहे.

फाइल तोवर पडद्यावर उघडली होती. 'तात्पुरतं'ची ती ओळ होती आणि तिच्याखाली, अर्थातच, पुराण होतं. बारकीचे डोळे पाण्याने भरलेले, म्हणून मीच मोठ्याने वाचलं.

'ही तपासणी इथे ठेवली तर रिपोर्ट येईपर्यंत बाटली फ्रीजरमध्ये घेताच येत नाही आणि दूध बाहेर राहतं. म्हणून ती लेबलाच्या छपाईत हलवली आहे. पास झाल्याचा क्रमांक आल्याशिवाय लेबल छापायचं नाही. नर्स चिडतील, फोन करतील. चिडू द्या. बिनलेबलाची बाटली कोणीही बाळाला देत नाही, हे मी एक दिवस वॉर्डात उभं राहून स्वतः बघून आले आहे. ती अट काढायची इच्छा झाली तर आधी वॉर्डात जाऊन ती बाळं बघून या. मग काढावीशी वाटली तर काढा.'

तिच्या नवऱ्याने पाण्याची बाटली उचलली आणि परत ठेवली.

"हे मी लिहिलंय?" बारकी म्हणाली.

"तूच."

"बरं लिहिलंय गं." आणि ती हसायला लागली, टाके दुखले म्हणून पोट धरून थांबली, आणि पुन्हा हसली. मग तिला म्हटलं की ही कॉमेंट जशीच्या तशी परत जागेवर ठेवते, आणि लेबलाच्या त्या अटीवरही एक. ती म्हणाली की तिथली तू लिही. मी लिहीन म्हटलं. थोडक्यात लिहिणार आहे, हेही सांगितलं.

दुपार कलत आली तेव्हा दूध पुन्हा सुरू झालं. बारकीला चाकाच्या खुर्चीत बसवून बाळाच्या वॉर्डात नेलं. मी मागे होते. काचेच्या पेटीत ती पोर मुठी आवळून झोपली होती. वॉर्डातली नर्स बाटली घेऊन आली, तिने लेबल वाचलं, पेटीवरचा क्रमांक वाचला, दोन्ही जुळवले. बारकीने विचारलं की जरा मला वाचू द्याल का. नर्सने बाटली तिच्यापुढे धरली. बारकीने ते एवढंसं लेबल बोटाने ओळ धरून वाचलं, आणि बराच वेळ बोट तिथून काढलंच नाही.

"या लेबलांवर फार भरवसा ठेवू नका, ताई," नर्स म्हणाली. "कधी येतात, कधी येतच नाहीत."

"येत नाहीत ना, तेव्हाच ठेवा," बारकी म्हणाली.

नर्सला त्यातलं काही कळलं नाही. तिने सिरिंज भरली, नळीला जोडली आणि वर उचलून धरली. दूध हळूहळू खाली उतरायला लागलं, आणि बाळाने झोपेतच एक मूठ सोडली.